पावसाचा आकडा आणि डोंगराचा उतार

परभणी जिल्ह्याच्या उत्तरेला जिंतूर तालुक्यात शिरलेले डोंगररांगेचे फाटे आणि दक्षिणेला गंगाखेडच्या बाजूचे बालाघाटाचे उंचवटे सोडले, तर गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला हा प्रदेश काळ्या मातीचा आणि सपाट आहे, त्यामुळे दरड कोसळून गाव गाडले जाण्याची भीती येथील माणसाच्या मनात सहसा येत नाही. तरीही अतिवृष्टीने डोंगर का खचतो आणि त्याची पूर्वसूचना कशी देता येते, हे समजून घेण्यासाठी परभणी ही सोयीची जागा आहे. कारण पूर्वसूचनेचा जो गाभा, म्हणजे पावसाच्या एका आकड्याचे माणसाच्या निर्णयात रूपांतर करणे, तो येथील शेतीव्यवहारात जुना आणि सवयीचा आहे.

या जिल्ह्यातील शेतकऱ्याला पावसाचे दोन आकडे चांगले ठाऊक असतात. पहिला आकडा पेरणीचा असतो: १९७२ मध्ये परभणीत स्थापन झालेले आणि आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ दर जूनमध्ये बजावते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. दुसरा आकडा नुकसानीचा असतो: महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस नोंदला गेला की शासनदरबारी ती अतिवृष्टी ठरते आणि पंचनाम्याची चर्चा सुरू होते. या दोन आकड्यांचा स्वभाव वेगळा आहे. पहिला आकडा काही दिवसांच्या पावसाची बेरीज मागतो, कारण जमिनीत ओल किती खोल गेली हे त्याला विचारायचे असते. दुसरा एका दिवसाच्या माऱ्याकडे पाहतो. ज्या मर्यादेपलीकडे परिस्थितीचा प्रकार बदलतो आणि माणसाला वेगळे वागावे लागते, त्या मर्यादेला शास्त्रीय भाषेत उंबरठामूल्य म्हणतात. दरडीच्या पूर्वसूचनेची जगभरातील बहुतेक व्यवस्था उंबरठ्याच्या याच दोन प्रकारांच्या जोडीवर उभी आहे: डोंगराने आधी किती पाणी पिऊन ठेवले आहे आणि आता त्याच्यावर किती वेगाने पाणी पडत आहे.

पाणी जमिनीला नेमके काय करते, हेही परभणीच्या शिवारात पाहता येते, आणि ते विहिरीत दिसते. सलग झडीनंतर कच्च्या विहिरीची कड खचते, कधी अख्खी बाजू आत बसते, आणि पूर ओसरल्यावर गाळाने बुजलेल्या व ढासळलेल्या विहिरींची मोजणी होते. मातीचे कण एकमेकांना घट्ट टेकून असतात आणि त्या टेकण्यातून जे घर्षण निर्माण होते त्यावर मातीची भिंत उभी राहते. पण कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून त्या पाण्याला बाहेर निघायला वाट उरली नाही, की ते पाणी कणांना आतून रेटू लागते. या रेट्याला रंध्रजलदाब म्हणतात. तो जसा वाढतो तसे कणांचे एकमेकांवर टेकणे सैल होते, आणि वरचे वजन तेच असताना, किंबहुना भिजल्यामुळे वाढलेले असताना, त्याला पेलणारी पकड मात्र कमी होते. कार्ल टेरझाघी या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे तत्त्व मांडले आणि आधुनिक मृदायांत्रिकी, म्हणजे मातीच्या बळाचे शास्त्र, त्यावर उभी राहिली. विहिरीची कड आणि डोंगराचा उतार यांत तत्त्वाचा फरक नाही, मापाचा आहे. आणि उताराखाली विहिरीच्या तळाऐवजी घरे असतात, हा दुसरा फरक.

परभणीच्या काळ्या मातीखाली जो बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला काळा खडक आहे, त्याच खडकाच्या थरांनी सह्याद्री बनलेला आहे. सपाटीवर हा खडक कुजून झालेली माती बहुतांशी जागेवरच साठत गेली आणि तिने कापूस, तूर व ज्वारी पिकवली. सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला तशाच कुजण्यातून तयार झालेली माती तीव्र उतारावर, खाली सरकण्याची संधी शोधत, टेकून राहिली आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी लालसर चिकणमातीचा पट्टा असतो, जो पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही, त्यामुळे वरून मुरलेले पाणी त्याच्या माथ्यावर साचते आणि वरचा भुसभुशीत थर तेथून सुटू शकतो. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराचा भाग असाच आला आणि १५१ माणसे गेली. भातखाचरांसाठी उतार कापून सपाट करण्याच्या कामाला, ज्याला त्या भागात पडकई म्हणतात, या दुर्घटनेत किती जबाबदार धरायचे यावर पुढे बरीच चर्चा झाली. परंतु ज्या गोष्टीची त्याहून अधिक चर्चा व्हायला हवी होती ती अशी की, गाव नाहीसे झाल्याची खबर बाहेरच्या जगाला प्रथम दिली ती नेहमीच्या फेरीसाठी तेथे पोचलेल्या एसटी बसच्या चालकाने. पूर्वसूचना सोडाच, घटनेची सूचना देणारी यंत्रणाही त्या डोंगरावर नव्हती.

पावसाच्या आकड्यावरून दरडीचा अंदाज बांधता येईल का, याचा पहिला व्यापक शोध नेल केन या भूशास्त्रज्ञाने १९८० मध्ये घेतला. जगभरातील दरडींच्या नोंदी गोळा करून त्याने पावसाचा जोर आणि त्याचा कालावधी यांचे एक गणिती नाते मांडले, ज्यात पाऊस जितका जास्त वेळ टिकतो तितका कमी जोरही पुरेसा ठरतो. त्याच्या सूत्राप्रमाणे चोवीस तासांत साधारण १०० मिलिमीटर किंवा तीन दिवसांत साधारण २०० मिलिमीटर पाऊस झाला की उथळ दरडींचा धोका सुरू होतो. हा आकडा परभणीत भयंकर वाटेल, पण सह्याद्रीत तो पावसाळ्यात अनेकदा ओलांडला जातो. महाबळेश्वरला २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे परभणीच्या सबंध पावसाळ्याच्या निम्म्याहून अधिक पाणी एका दिवसात. ज्या प्रदेशात शंभर मिलिमीटर ही नेहमीची बाब आहे, तेथील डोंगर, तेथील झाडी आणि तेथील ओढे त्या पावसाला सरावलेले असतात. म्हणून उंबरठा हा ज्या त्या प्रदेशाचा स्वतःचा असावा लागतो आणि तो ठरवण्यासाठी त्या प्रदेशात पूर्वी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे दरड आली याच्या नेमक्या नोंदी लागतात. दरडीच्या शास्त्रातील खरी टंचाई उपकरणांची नसून या नोंदींची आहे. मृतांचा आकडा कागदावर येतो, परंतु ज्या दरडीत कोणी मेले नाही तिची वेळ सहसा कोणी लिहून ठेवत नाही, आणि उंबरठा काढायला तीही तितकीच मोलाची असते.

हाँगकाँगने हे फार लवकर ओळखले. तेथे जून १९७२ मध्ये एकाच दिवशी दोन मोठ्या दरडी कोसळून शंभराहून अधिक माणसे मेली आणि त्यानंतर काही वर्षांत, १९७७ मध्ये, उतारांची देखरेख करणारे स्वतंत्र शासकीय कार्यालय व दरडीचा सार्वजनिक इशारा देणारी व्यवस्था दोन्ही उभी राहिली. त्या छोट्या भूभागावर आज शंभराहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापके आहेत आणि त्यांच्या गेल्या चोवीस तासांच्या बेरजेवर इशारा निघतो. जपानने आणखी एक पायरी पुढे टाकली. तेथील हवामान संस्था जमिनीतील पाण्याचा एक निर्देशांक काढते, ज्याची कल्पना एकावर एक ठेवलेल्या तीन रांजणांची आहे: पाऊस वरच्या रांजणात पडतो, त्याच्या बाजूच्या छिद्रातून काही पाणी वाहून जाते, तळाच्या छिद्रातून काही दुसऱ्या रांजणात झिरपते, तेथून तिसऱ्यात, आणि तिन्ही रांजणांत मिळून आत्ता किती पाणी उरले आहे त्यावरून जमीन किती भरली आहे हे कळते. पाऊस थांबला तरी रांजण लगेच रिकामे होत नाहीत, म्हणून उघडीप मिळाल्यावरही दरड येऊ शकते. पेरणीपूर्वी ढेकूळ फोडून ओल किती खोल गेली हे पाहणारा परभणीचा शेतकरी जे हाताने करतो, तेच जपानी संस्था गणिताने करते.

महाराष्ट्रातील अडचण नेमकी येथे आहे. भारतीय हवामान विभाग पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत जो इशारा देतो तो जिल्ह्याचा असतो आणि पावसाचा असतो. जिल्हा हजारो चौरस किलोमीटरचा, तर घसरणारा उतार काही हेक्टरांचा. रायगड जिल्ह्याला लाल इशारा मिळाला म्हणजे त्या जिल्ह्यातील शेकडो वाड्यांपैकी आज रात्री कोणती वाडी रिकामी करायची, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. २२ जुलै २०२१ च्या सुमारास कोकण व साताऱ्यावर आभाळ कोसळले तेव्हा महाड तालुक्यातील तळीये येथे ८० हून अधिक माणसे गाडली गेली आणि पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व खेड तालुक्यातील पोसरे या गावांवरही दरडी आल्या. एकाच पावसाने इतक्या दूरदूरच्या गावांना गाठले आणि त्यांच्यामधली असंख्य गावे वाचली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकर आदिवासींच्या वाडीवर दरड आली, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण कायमचे बेपत्ता राहिले. त्याआधीच्या तीन दिवसांत त्या परिसरात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने विधिमंडळात सांगितले. यादी हे पूर्वसूचनेचे साधन मानले की असे होते: यादीतले गाव सावध राहते आणि यादीबाहेरचे निश्चिंत झोपते.

भारतात हिमाच्छादित भाग वगळता सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर भूभाग दरडप्रवण मानला जातो, जो देशाच्या भूमीच्या १२.६ टक्के आहे, आणि त्यातील सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर पश्चिम घाट व कोकणच्या डोंगरांत येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या केंद्रीय संस्थेने २०१४ नंतर या भूभागाचे दरडप्रवणतेचे नकाशे देशभर तयार केले आणि पश्चिम बंगालमधील दार्जिलिंग व तमिळनाडूतील निलगिरी या दोन जिल्ह्यांत २०२० पासून पावसाळ्यात दरडीच्या अंदाजाची प्रायोगिक पत्रके काढायला सुरुवात केली. १९ जुलै २०२४ रोजी, म्हणजे इर्शाळवाडीनंतर बरोबर एक वर्षाने, कोलकाता येथे राष्ट्रीय भूस्खलन अंदाज केंद्र सुरू झाले. नकाशा सांगतो की कोणता उतार मुळात कमकुवत आहे, हवामान विभागाचा अंदाज सांगतो की पाऊस किती येणार, आणि उंबरठा या दोहोंना जोडतो. अशी ही रचना आहे. ती योग्य दिशेची आहे, परंतु तिच्या तोंडी पडणारा पावसाचा अंदाज जितका ढोबळ, तितकेच तिचे उत्तरही ढोबळ राहणार, आणि सह्याद्रीत पायथ्याला व माथ्याला पडणाऱ्या पावसात मोठे अंतर असते. महसूल मंडळांत बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांनी परभणीसारख्या सपाट जिल्ह्यात बऱ्यापैकी काम भागते. डोंगरात मात्र खोऱ्यातल्या केंद्राने मोजलेला पाऊस वरच्या कड्यावरच्या पावसाची साक्ष देऊ शकत नाही.

दुसरा मार्ग थेट उतारालाच उपकरणे लावण्याचा आहे. केरळमधील मुन्नार येथे अमृता विश्वविद्यापीठाने २००९ च्या सुमारास एका वस्तीच्या वरच्या उतारात जमिनीतील पाण्याचा दाब, ओल आणि हालचाल मोजणारे संवेदक खोलवर पुरले व ते बिनतारी जाळ्याने जोडले. हिमाचल प्रदेशात कोटरोपी येथे ऑगस्ट २०१७ मध्ये दरडीखाली प्रवासी बसगाड्या सापडून चाळीसहून अधिक माणसे मेल्यावर मंडीच्या आयआयटीने कमी खर्चाचे हालचालमापक तेथे बसवले आणि पुढच्याच पावसाळ्यात त्यांच्या इशाऱ्यावरून पोलिसांना रस्त्यावरची वाहतूक वेळेत थांबवता आली. अशी उपकरणे मोलाची आहेत, पण ती जेथे बसवली तेथेच बोलतात, आणि सह्याद्रीच्या हजारो उतारांपैकी कोणावर ती बसवायची हा प्रश्न पुन्हा यादीपाशी आणून सोडतो.

महाराष्ट्रातील सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण कोकण रेल्वेचे आहे, आणि त्याकडे दरडीच्या चर्चेत पुरेसे लक्ष जात नाही. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीमुळे व दगडांमुळे दोन मोठे अपघात झाले. त्यानंतर या मार्गावर डोंगरकाप सौम्य करणे, जाळ्या लावणे आणि पावसाळी गस्त यांवर भर आला. नऊ स्थानकांवर पाऊस आपोआप नोंदवणारी यंत्रे आहेत, पावसाळ्यात गाड्यांचे वेळापत्रकच वेगळे असते आणि मुसळधार पावसात दृश्यता घटली की गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायची नाही असा चालकांना दंडक आहे. या व्यवस्थेतील शहाणपण उपकरणात नाही. पाऊस वाढला तर कोणी काय करायचे हे कोरड्या दिवसांत ठरवून ठेवलेले आहे, आणि त्या क्षणी कोणालाही वरिष्ठांची परवानगी मागत बसावे लागत नाही, हे तिचे बळ आहे. वेग कमी केल्याने गाडीला उशीर होतो आणि बहुतेक वेळा दरड येतही नाही. तरी तो उशीर वाया गेला असे कोणी म्हणत नाही, कारण तो वेळापत्रकातच धरलेला असतो.

वाडी रिकामी करण्याचा उशीर मात्र कोणत्याही वेळापत्रकात धरलेला नसतो. मराठवाड्याला चुकलेल्या अंदाजाची किंमत चांगली माहीत आहे; पावसाच्या भाकितावर विसंबून पेरणी केली आणि पावसाने ताण दिला की दुबार पेरणीचे संकट उभे राहते, आणि २०१७ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी तर अंदाज चुकल्याबद्दल हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. तरीही मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला वाचला जातो, कारण त्यात केवळ किती पाऊस पडेल हे नसते. फवारणी पुढे ढकला, काढलेले सोयाबीन झाकून ठेवा, विजा चमकत असताना झाडाखाली थांबू नका, असे करण्याजोगे काहीतरी असते. गोदाकाठच्या गावांनाही धरणातून इतके क्युसेक पाणी सोडले, नदीपात्रात उतरू नका, जनावरे वर बांधा, अशी सूचना मिळते, आणि पैठणहून निघालेले पाणी गंगाखेडला पोचेपर्यंत माणसाला काही वेळ मिळतो. किल्लारीच्या भूकंपाने १९९३ मध्ये तो वेळ दिला नाही, कारण भूकंपाची पूर्वसूचना आजही कोणाला देता येत नाही. परंतु पावसाने येणारी दरड त्या जातीची नाही, तिचे कारण आकाशात दिवसभर दिसत असते आणि पर्जन्यमापकात साठत असते.

केरळच्या वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ च्या पहाटे, माळीणला बरोबर दहा वर्षे होत असताना, मुंडक्कई व चूरलमला या वस्त्या वाहून गेल्या आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. त्या जिल्ह्यात एका स्थानिक पर्यावरण संस्थेने गावोगावी पर्जन्यमापकांचे दाट जाळे विणले होते आणि आदल्या दिवशी सकाळीच तेथील आकडे पाहून धोक्याची सूचना प्रशासनाला दिली होती. आकडा होता, उंबरठा ठाऊक होता, वेळही होता. आकडा पाहून वस्ती हलवण्याचा निर्णय कोणाचा, एवढेच सर्वांना आधी ठाऊक नव्हते.

हा निर्णय सह्याद्रीत गावपातळीवरच घ्यावा लागेल, कारण अतिवृष्टीत वीज आणि मोबाइलचा मनोरा ही दोन्ही आधी जातात आणि मग तालुक्याहून येणारा संदेश वाडीपर्यंत पोचत नाही. पोलीस पाटील, सरपंच, आशा कार्यकर्ती आणि प्रशिक्षित आपदा मित्र यांच्यापैकी कोणा एकाच्या घरी साधा, नळकांड्याचा पर्जन्यमापक असावा, गेल्या तीन दिवसांची बेरीज शाळेच्या फळ्यावर लिहिली जावी, आणि ठरलेला आकडा ओलांडला की कोणालाही न विचारता सर्वांनी उतरून ठरलेल्या जागी जावे, एवढी व्यवस्था कोणत्याही संवेदकापेक्षा स्वस्त आहे. त्या जागी गुरांसाठी चारा आणि छप्पर असावे लागते, कारण गोठ्यात जनावर बांधलेले असताना माणूस घर सोडत नाही. डोंगराची स्वतःची चिन्हेही ओळखावी लागतात: नितळ झऱ्याला अचानक येणारा गढूळपणा, मुसळधार पावसातही आटणारा ओढा, माथ्यावर जमिनीला पडलेली नवी भेग, झुकलेले झाड, दार चौकटीत अडकू लागणे.

इर्शाळवाडीला रस्ता नव्हता, पायवाट होती, आणि त्या पायवाटेने रात्रीच्या पावसात म्हाताऱ्यांना व लेकरांना घेऊन उतरणे हा स्वतंत्र धोका होता. म्हणून अशा वाड्यांसाठी दोन उंबरठे लागतात: दिवसाचा एक, आणि त्याहून कमी असा संध्याकाळचा दुसरा. रात्री अकराला डोंगर सुटणार असेल तर त्याचा निर्णय पाच वाजता, उजेड असताना, नळकांड्यात जेवढे पाणी जमले असेल त्यावरच घ्यावा लागतो.